मनोहरगडचा पराभव

सिंधुदुर्ग जिल्ह्यात इतिहासाचा अभिमान भरपूर आहे. मालवणच्या जेटीवर सुट्टीच्या दिवशी किल्ल्याच्या होडीसाठी रांग लागते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग असे आपल्या जिल्ह्यातले दोन किल्ले आले, आणि त्याचा आनंद गावोगाव साजरा झाला. तो रास्तच होता. पण याच जिल्ह्यातल्या माणसांनी इंग्रजांविरुद्ध गडावर तोफा चढवून शेवटची लढाई कधी केली, कुठे केली, कशासाठी केली, असे शाळेतल्या मुलांना विचारून पाहावे. शिक्षकांनाही विचारावे. उत्तर क्वचितच मिळते. किल्ला कोणी बांधला हे आपल्याला पाठ आहे. तो शेवटी कोणी लढवला आणि का गमावला, हा भाग मात्र आपण सोडून दिला आहे.

ही लढाई १८४४-४५ ची. तिची सुरुवात कोकणात झाली नाही, घाटावर झाली. कोल्हापूरचे छत्रपती तेव्हा अल्पवयीन होते आणि कारभार इंग्रजांच्या पसंतीचे दाजी कृष्ण पंडित पाहत होते. हिशेब नीट बसवणे, खर्च कमी करणे, अधिकाराच्या जुन्या वाटण्या मोडून सगळा वसूल एका हाताखाली आणणे, अशा सुधारणा त्यांनी हाती घेतल्या. त्यांच्या हेतूवर शंका घेण्याचे कारण नाही. पण त्या सुधारणांचा घाव गडकऱ्यांवर बसला. गडकरी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या गडाची राखण करणारी वंशपरंपरागत शिबंदी. त्यांना रोख पगार फारसा नव्हता. गडाच्या घेऱ्यातल्या जमिनी त्यांच्याकडे चालत आलेल्या होत्या आणि त्या जमिनींची व्यवस्था गडाच्या अंमलाखाली होती. ती व्यवस्था मामलेदाराकडे देण्याचा निर्णय झाला. वरवर पाहता खाते बदलले, इतकेच. गडकऱ्याने मात्र त्याचा अर्थ बरोबर ओळखला. आज व्यवस्था गेली, उद्या जमीन जाईल, आणि जमीन गेली की गडावर राहण्याचे कारणच उरणार नाही.

जुलै १८४४ मध्ये, ऐन पावसात, गडहिंग्लजजवळच्या सामानगडाचे दरवाजे गडकऱ्यांनी आतून बंद केले. मागोमाग भुदरगड उठला. बेळगावाहून इंग्रज फौज आली. ऑक्टोबरच्या मध्यावर तिने सामानगडावर हल्ला चढवून तो घेतला. तोवर कोल्हापुरातच उठाव झाला होता आणि खुद्द दाजी पंडित कैदेत पडले होते. बाबाजी अहिरेकर हे त्या उठावातले ठळक नाव. साताऱ्याचा रेसिडेंट कर्नल ओव्हान्स उठाववाल्यांच्या हाती लागला आणि त्याला पन्हाळ्यावर डांबण्यात आले. एका रेसिडेंटला गडावर कैद करून ठेवण्याइतकी हिंमत आणि ताकद या लोकांकडे होती, हे विसरता कामा नये. १ डिसेंबरला पन्हाळा आणि पावनगड पडले. पन्हाळ्याचा भव्य चार दरवाजा इंग्रजांनी पाडला तो याच धामधुमीत. आज पन्हाळ्याला जाणारा पर्यटक तिथले अवशेष पाहतो आणि बहुधा ते काळाने झिजले असे समजतो.

घाटाखाली सावंतवाडी संस्थानात जमीन आधीच तापलेली होती. १८३८ मध्ये इंग्रजांनी खेमसावंतांच्या हातून कारभार काढून घेऊन आपला पोलिटिकल सुपरिंटेंडेंट बसवला होता. त्यामुळे घाटावरच्या बातम्या खाली आल्या तेव्हा मनोहरगडाची शिबंदी उठली. तांबुळीचे फोंड सावंत आपल्या आठ मुलांसह त्यांना मिळाले. राजघराण्यातले तरुण अण्णासाहेबही गडावर आले. शिवापूर आणि शिरशिंगे यांच्यामध्ये, सह्याद्रीच्या धारेला लागून उभे असलेले मनोहर आणि मनसंतोष हे जोडकिल्ले. चहूबाजूंनी दाट रान, आणि वर जाणाऱ्या वाटा मोजक्या. पन्हाळा पडल्यावर सगळा भार याच दोन गडांवर आला. जानेवारी १८४५ मध्ये जेम्स आउट्रम आणि इतर अधिकाऱ्यांच्या तुकड्यांनी वाटा एकेक करून धरल्या, गडांवर मारा केला, आणि गड गेले. उठावातले प्रमुख लोक रानातून निसटून गोव्यात उतरले. पोर्तुगीजांनी त्यांना इंग्रजांच्या स्वाधीन करायला नकार दिला आणि त्यावरून दोन परक्या सत्तांमध्ये बराच काळ पत्रोपत्री चालली.

हा सहा-सात महिन्यांचा लढा का हरला, याचे उत्तर आपल्याला आज हवे आहे. त्या उत्तरात शौर्याची कमतरता कुठेच येत नाही. सामानगड लढत होता तेव्हा मनोहरगड तयार नव्हता. मनोहरगड पेटला तोवर सामानगड पडला होता. पन्हाळ्याला वेढा पडला तेव्हा त्याच्या मदतीला जाऊ शकेल अशी फौज कुणी एकत्र केलीच नव्हती. घाटवाटा उठाववाल्यांच्याच ओळखीच्या होत्या, वर-खाली निरोप जात होते, माणसेही जात होती. पण सगळ्या गडांना एक सेनापती नव्हता आणि सगळ्यांची मिळून एक मागणी नव्हती. कोल्हापूरच्या गडकऱ्याला त्याची जमीन हवी होती. सावंतवाडीच्या सरदाराला गेलेला मान हवा होता. राजघराण्याला गादीचा हक्क हवा होता. तिघांचा शत्रू एकच होता, पण त्या शत्रूला हरवल्यावर काय करायचे याबद्दल तिघांत बोलणे झाल्याचे दिसत नाही. इंग्रजांकडे याच्या उलट होते. त्यांच्याकडेही सुरुवातीला गोंधळ झाला, सामानगडासमोर त्यांचे आठवडे वाया गेले, पण त्यांची फौज एका गडावरून मोकळी झाली की पुढच्या गडावर जात होती. एकेक गड स्वतःपुरता लढला आणि एकेक करून पडला.

याचे मूळ आणखी मागे आहे. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले. ते जाळायला ॲडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह यांचे इंग्रज आरमार आले होते, आणि त्यांना बोलावणारे पेशवे होते. आंग्र्यांशी पेशव्यांचे भांडण खरे होते, तुळाजींचे वर्तनही दोषमुक्त नव्हते. पण घरातले भांडण मिटवायला परक्याचे आरमार बोलावले गेले आणि कोकणच्या किनाऱ्यावर इंग्रजांना अडवू शकणारी सर्वांत मोठी ताकद एका रात्रीत संपली. नऊ वर्षांनी, १७६५ मध्ये, इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेतला आणि त्याला फोर्ट ऑगस्टस असे नाव दिले. पुढे पैसे घेऊन त्यांनी तो कोल्हापूरकरांना परत केला, पण १८१२ च्या तहाने मालवण कायमचे त्यांच्याकडे गेले, आणि त्याच सुमारास वेंगुर्लेही. म्हणजे १८४४ मध्ये मनोहरगड लढत होता तेव्हा त्याच्या पाठीमागचा सगळा समुद्र शत्रूचा होता. दारूगोळा, माणसे, रसद, सगळे बंदरांतून बिनधोक वर येऊ शकत होते. मनोहरगडच्या पराभवाचा पाया नव्वद वर्षे आधी विजयदुर्गच्या पाण्यात घातला गेला होता.

हे सगळे आज लिहिण्याचे कारण असे की अलीकडे या लढ्याची आठवण हळूहळू परत येऊ लागली आहे, आणि ज्या रीतीने ती परत येते आहे त्याची मला काळजी वाटते. भाषणांत, समाजमाध्यमांवरच्या मजकुरात, गडावरच्या फलकांवर हा आता 'देशातला पहिला स्वातंत्र्यलढा' होऊ लागला आहे. तो पहिला नव्हता. कित्तूरच्या राणी चेन्नम्मा १८२४ मध्ये लढल्या, त्यांच्या मागे संगोळ्ळी रायण्णा लढले आणि फासावर गेले. पुरंदरच्या परिसरात उमाजी नाईकांनी इंग्रजांना वर्षानुवर्षे झुंजवले आणि १८३२ मध्ये त्यांना पुण्यात फाशी झाली. ओडिशातला पाइकांचा उठाव १८१७ चा. प्रत्येक जिल्ह्याला आपला उठाव पहिला हवा असतो, आणि या चढाओढीत प्रत्येक उठावाचे खरे कारण पुसले जाते. कारण 'पहिला स्वातंत्र्यलढा' म्हटले की गडकऱ्याच्या तोंडी सगळ्या हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याची भाषा घालावी लागते. त्याची जमीन, त्याचा मामलेदार, त्याची घेऱ्यातली शेती हे सगळे मग किरकोळ आणि थोडे लाजिरवाणे वाटू लागते.

माझे मत याच्या उलट आहे. गडकरी आपल्या जमिनीसाठी लढले, यातच त्यांच्या लढ्याचे मोल आहे. वसाहतीची सत्ता माणसाच्या आयुष्यात आधी तोफेने येत नाही. ती दप्तरातून येते. एक खाते दुसऱ्यात मिळवले जाते, एका नोंदीच्या जागी दुसरी नोंद येते, आणि ज्याच्या आयुष्याचा तो आधार असतो त्याला कुणी विचारत नाही. गडकऱ्यांनी ही गोष्ट कागदावरची शाई वाळायच्या आत ओळखली. आपण त्यांना केवळ तलवार उगारलेले वीर केले तर ही त्यांची समज आपल्या हातून जाईल. कोकणात जमिनींचे व्यवहार, सातबाऱ्यावरची सामाईक नावे, कुळांचे हक्क, प्रकल्पांसाठीचे भूसंपादन यांवरून आजही घरोघरी जे चालले आहे ते पाहता, ती समज आपल्यासाठी चैन नाही, गरज आहे.

जावा बेटावर याच्या थोडे आधी असाच एक लढा झाला. योग्यकर्ताचे राजपुत्र दिपोनगोरो यांच्या जमिनीतून रस्ता काढण्यासाठी खुणेच्या काठ्या रोवल्या गेल्या, आणि आधीपासून साचलेल्या असंतोषाला १८२५ मध्ये तोंड फुटले. पाच वर्षे डच सत्ता जेरीस आली. १८३० मध्ये बोलणी करायला म्हणून बोलावून दिपोनगोरोंना अटक केली गेली आणि हद्दपार केले गेले. पण हद्दपारीत, मनाडोच्या किल्ल्यात, त्यांनी आपले सगळे आयुष्य आणि युद्ध स्वतःच्या भाषेत लिहून ठेवले. हरलेल्या सेनापतीची बाजू त्याच्याच शब्दांत आज इंडोनेशियाकडे आहे. डच कागद आणि त्यांचे कथन शेजारी ठेवून तिथले अभ्यासक काम करतात. जिथे दोन्ही जुळत नाहीत तिथे खरा इतिहास सुरू होतो.

आपल्याकडे काय आहे? आउट्रमचे दोन खंडांतले चरित्र आहे. कोलकात्यात त्याचा घोड्यावरचा पुतळा आहे. सावंतवाडीचा कारभार पाहिलेल्या ले ग्रँड जेकबने आठवणींचे पुस्तक लिहिले, ते आहे. कंपनी सरकारच्या फायली आहेत, गॅझेटिअर आहे. हे सगळे जिंकलेल्यांचे लिखाण. त्यात फोंड सावंत येतात ते त्रास देणारे म्हणून, गडकरी येतात ते अडाणी आणि हट्टी म्हणून. या लेखनाला खोडून काढायचे तर त्याच्याइतकाच भक्कम कागद लागतो. नुसत्या त्वेषाने ते खोडले जात नाही. आणि कागदाची जागा जर आपण कल्पित संवादांनी, ऐकीव गोष्टींनी, चित्रपटातल्या पोशाखांनी भरली, तर एके दिवशी कोणी चिकित्सक वाचक त्यातली एक गोष्ट खोटी ठरवील, आणि तिच्यासोबत खऱ्या गोष्टीही टाकून दिल्या जातील. हा धोका विस्मरणापेक्षा मोठा आहे. विसरलेली गोष्ट पुन्हा शोधता येते. खोट्याखाली गाडली गेलेली गोष्ट शोधायला पुढच्या पिढीचे मनच होत नाही.

मालवणात राजकोटला छत्रपतींचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ रोजी उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. त्या दिवशी साऱ्या महाराष्ट्राच्या मनाला लागले, आणि लागायलाच हवे होते. त्यानंतर २०२५ मध्ये तिथे त्याहून उंच पुतळा उभा केला गेला. पुतळ्याला माझा विरोध नाही. पण एका पुतळ्यासाठी आपण जी घाई, जो निधी, जो संताप आणि जी ईर्ष्या दाखवली, तिचा लहानसा अंश जरी मनोहरगडाच्या वाटा नीट करायला, तिथल्या अवशेषांची मोजणी करायला, १८४४ चे मोडी कागद वाचून छापायला दिला असता, तर या जिल्ह्याला स्वतःच्या लढ्याचे पहिले विश्वासार्ह पुस्तक मिळाले असते. नेता उंच करता येतो म्हणून आपण नेत्याकडे पाहतो. शिबंदीला उंची देण्याचा एकच मार्ग आहे, तिची नावे शोधणे. ते काम पाहायला गर्दी जमत नाही.

या लढ्याचा शेवट मनोहरगडावर झाला नाही, हेही फार थोड्यांना ठाऊक आहे. गोव्यात नजरेखाली राहिलेले फोंड सावंतांचे मुलगे १८५८ मध्ये पुन्हा उठले. गोवा आणि कारवारच्या सीमेवरच्या जंगलात त्यांनी इंग्रजांची ठाणी जाळली. या वेळी पोर्तुगीज इंग्रजांच्या बाजूने उभे राहिले. वर्षाअखेर उठाववाले पोर्तुगीजांच्या हाती लागले आणि त्यांना तिमोर बेटावर पाठवण्यात आले. दिपोनगोरो ज्या द्वीपसमूहात हद्दपार झाले, त्याच द्वीपसमूहाच्या दुसऱ्या टोकाला तळकोकणातली ही माणसे नेली गेली. त्यांचा माग लिस्बन, पणजी आणि दिली इथल्या पोर्तुगीज दप्तरांत घ्यावा लागेल. पणजीचे दप्तर तर आपल्या जिल्ह्यापासून काही तासांवर आहे. अण्णासाहेबांचे नशीब वेगळे निघाले. बंड मोडण्याच्या खर्चाची भरपाई कबूल केल्यावर त्यांना वारस म्हणून मान्यता मिळाली आणि पुढे ते गादीवर आले. हरलेल्यांकडूनच हरवण्याचा खर्च वसूल करणे, ही त्या राज्यकर्त्यांची रीतच होती. कोल्हापूरनेही तो सोसला.

सावंतवाडी आणि गोव्याच्या सीमेने शंभर वर्षांनी उलटी वाहतूक पाहिली. १८४५ मध्ये इंग्रजांपासून सुटण्यासाठी माणसे सावंतवाडीकडून गोव्यात गेली होती. १९५० नंतर पोर्तुगीजांपासून सुटण्यासाठी गोव्यातली माणसे सावंतवाडी, बांदा, दोडामार्गकडे आली. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड आफोन्सो यांच्या तुकडीने तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा फडकवला. एका दिवसात पोर्तुगीजांनी किल्ला परत घेतला आणि सत्याग्रहींना पकडले. पुढच्या वर्षी त्याच तारखेला देशभरातून आलेले हजारो सत्याग्रही निःशस्त्र सीमा ओलांडून गेले. बांद्याच्या पुढे पत्रादेवीला गोळीबार झाला. पंजाबचे कर्नेलसिंग तिथे पडले. तेरेखोलला हिरवे गुरुजींनी प्राण दिले. त्या दिवशी वीसाहून अधिक माणसे मारली गेली. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला तेव्हा भारतीय सैन्याची एक फळी दोडामार्गकडूनच आत उतरली होती.

इथेही आपण तीच चूक करू लागलो आहोत. हुतात्म्यांची नावे स्मारकांवर आहेत, आणि ती असावीत. पण सत्याग्रहींना बांद्यात कोणी जेवू घातले, जखमींना रातोरात खांद्यावर घेऊन कोणी आणले, सीमा बंद झाल्यावर दोन्हीकडच्या सोयरिकी कशा तुटल्या, आर्थिक नाकेबंदीत सीमेवरच्या गावांनी काय सोसले, हे स्मारकावर लिहिता येत नाही. ते माणसांच्या आठवणीत आहे. १९५५ मध्ये जे विशीत होते ते आज नव्वदीत आहेत. जे दहा वर्षांचे होते आणि ओटीवर झोपलेल्या सत्याग्रहींना पाणी देत होते, ते ऐंशीत. मनोहरगडाच्या बाबतीत आपण म्हणू शकतो की साक्षीदार उरले नाहीत. गोवामुक्तीच्या बाबतीत तसे म्हणायची वेळ अजून आलेली नाही, पण ती यायला फार दिवस लागणार नाहीत.

मोडीचे म्हणाल तर परिस्थिती तशीच नाजूक आहे. एकेकाळी गावातल्या कुळकर्ण्याला, देवळाच्या मानकऱ्याला, वाण्याला येणारी ही लिपी आता मोजक्या अभ्यासकांपुरती उरली. जुन्या घरांच्या माळ्यावर, मानकऱ्यांच्या पेटाऱ्यांत, गावऱ्हाटीच्या कागदांच्या बासनात इनामांच्या, शिबंदीच्या, वतनाच्या नोंदी आहेत. त्यांतल्या एखाद्यात मनोहरगडावरच्या माणसांची नावे असण्याची शक्यता कोणत्याही भाषणापेक्षा जास्त आहे. पण घर पाडताना, वाटण्या होताना, मुंबईचे भाऊबंद मे महिन्यात येऊन साफसफाई करताना हे कागद 'कुणाला वाचता येत नाहीत' म्हणून जाळले जातात किंवा पोथीच्या भावनेने नदीत सोडले जातात. वाळवी आणि पावसाळा उरलेले पूर्ण करतात.

म्हणून वाचकांना एवढीच विनंती. घरात मोडी कागद असतील तर ते टाकण्याआधी त्यांचे मोबाइलवर स्वच्छ फोटो काढा, कोणत्या गावातल्या कोणत्या घरातले ते लिहून ठेवा, आणि कोल्हापूरच्या पुराभिलेखागाराशी किंवा मोडी जाणणाऱ्या अभ्यासकाशी संपर्क करा. घरात किंवा शेजारी गोवामुक्तीचा काळ पाहिलेले कोणी असेल तर त्यांच्यासमोर बसा, त्यांना हवे ते सांगू द्या, मध्ये तोडू नका, आणि ते बोलणे ध्वनिमुद्रित करा. शाळांनी वर्षातून एकदा मुलांना सिंधुदुर्ग किल्ल्यावर नेतात तसे एकदा शिवापूरमार्गे मनोहरगडाच्या पायथ्याशी न्यावे, आणि तिथे जिंकल्याची नव्हे, हरल्याची गोष्ट कारणांसह सांगावी. हे काम पुढच्या वर्षावर ढकलू नका.